सम्राट चौथा चार्ल्स आणि झेक अस्मिता

एखाद्या देशाच्या चलनी नोटांवर कोणाची चित्रे छापावीत याचा निर्णय त्या देशाची मध्यवर्ती बँक घेत असली, तरी त्या निर्णयामागे त्या समाजाने स्वतःविषयी करून घेतलेली एक कल्पना उभी असते. झेक प्रजासत्ताकात आज चलनात असलेल्या सहा प्रकारच्या नोटा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. दोनशे कोरुनांच्या नोटेवर कोमेनियस आहे. आपल्याकडील बी. एड.च्या विद्यार्थ्यांनाही तो परिचित आहे. पाचशेच्या नोटेवर बोझेना नेम्त्सोव्हा ही लेखिका, हजाराच्या नोटेवर इतिहासकार पालात्स्की, दोन हजारांच्या नोटेवर एम्मा डेस्टिनोव्हा ही गायिका आणि पाच हजारांच्या नोटेवर प्रजासत्ताकाचे संस्थापक मासारिक. शिक्षक, लेखिका, इतिहासकार, गायिका, प्राध्यापक-अध्यक्ष अशा या मंडळीत राजा एकच आहे. तो शंभराच्या नोटेवर आहे, आणि तिच्या मागील बाजूस त्याने स्थापन केलेल्या विद्यापीठाची मुद्रा आहे.

हा राजा म्हणजे चौदाव्या शतकातील चौथा चार्ल्स. झेक लोक त्याला कारेल म्हणतात. २००५ साली झेक दूरचित्रवाणीने प्रेक्षकांकडून ‘सर्वश्रेष्ठ झेक’ निवडून घेण्याचा उपक्रम केला, तेव्हाही पहिले स्थान त्यालाच मिळाले. मासारिक दुसरे आणि वाक्लाव हावेल तिसरे आले. (आरंभी मतांची आघाडी यारा त्सिमरमन नावाच्या एका सर्वस्वी काल्पनिक विनोदी पात्राकडे होती, हा गृहस्थ कधी जन्मालाच आला नसल्यामुळे त्याला बाद ठरवावे लागले. झेक स्वभावाचा हा नमुना नोंदवून ठेवण्याजोगा आहे.) देश स्वतंत्र करणाऱ्या अध्यक्षाला आणि एकपक्षीय राजवटीविरुद्धच्या चळवळीचे नेतृत्व करणाऱ्या नाटककाराला, मरून सहा शतके लोटलेल्या एका राजाने मागे टाकावे, याचा अर्थ काय लावावयाचा?

त्याच्या कारकीर्दीत बोहेमियाचे राज्य वैभवाच्या शिखरावर होते आणि वैभवाची स्मृती कोणालाही प्रिय असते, हे सोपे उत्तर आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. वैभव भोगून गेलेले राजे युरोपच्या इतिहासात थोडे नाहीत. त्यांतील बहुतेकांची नावे आज परीक्षेपुरतीच उरली आहेत. चार्ल्सच्या बाबतीत विशेष असा की, आजच्या अर्थाने ज्याला ‘झेक’ म्हणणे अवघड आहे अशा राजाला झेकांनी आपल्या राष्ट्रीयत्वाचा आधार मानले, आणि त्याच्यावरील हा हक्क शाबीत करण्यासाठी त्यांना आपल्याच देशातील जर्मनांशी दीर्घकाळ झगडावे लागले.

चार्ल्सचा जन्म १४ मे १३१६ रोजी प्राग येथे झाला. आई एलिश्का ही बोहेमियाच्या जुन्या, पुरुषपरंपरेत खंडित झालेल्या प्शेमिस्ल राजवंशातील. वडील जॉन लक्झेंबर्ग घराण्यातील, आणि प्रागपेक्षा फ्रेंच दरबारात अधिक रमणारे. मुलाचे नाव देशाच्या रक्षक संतावरून वाक्लाव असे ठेवण्यात आले होते. सातव्या वर्षी, १३२३ साली, वडिलांनी त्याला फ्रान्सच्या राजदरबारी पाठविले. तेथे एका धर्मविधीच्या वेळी त्याने तेथील राजाचे चार्ल्स हे नाव धारण केले, आणि पुढे पोप झालेल्या पिएर रॉजे या विद्वानाचा सहवासही त्याला तेथेच लाभला. १३३३ साली तो सतरा वर्षांचा होऊन परतला, तेव्हा आई निवर्तली होती, राजवाडा मोडकळीस आला होता, राजाचे किल्ले एकजात गहाण पडले होते आणि राजपुत्राला शहरातील एखाद्या सामान्य नागरिकाच्या घरात बिऱ्हाड करावे लागले. त्याने स्वतःच लॅटिन भाषेत लिहिलेल्या आत्मवृत्तात ही हकीकत आहे. मायभाषाही आपण पार विसरून गेलो होतो, ती पुन्हा शिकलो आणि मग इतर कोणाही देशवासीयाप्रमाणे बोलू लागलो, असे तो तेथे सांगतो. आपल्याला लिहिता-बोलता येणाऱ्या ज्या पाच भाषा तो सांगतो, त्यांत झेकबरोबर फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि लॅटिन यांचा समावेश आहे.

या माणसाला झेक म्हणावयाचे की जर्मन, हा प्रश्न त्याच्या काळी कोणाला पडला नसता. प्रश्न निर्माण झाला तो पुढे, आणि त्यात भाषेचाही थोडा हात आहे. जर्मन भाषेत बोहेमिया या भूमीचा रहिवासी आणि झेक भाषा बोलणारा मनुष्य या दोहोंसाठी दोन निराळी विशेषणे आहेत. झेक भाषेत मात्र ‘चेस्की’ या एकाच शब्दावर दोन्ही अर्थांचे काम भागविले जाते. चार्ल्स बोहेमियाचा होता याविषयी वाद नाही. परंतु ‘बोहेमियाचा राजा’ हे शब्द झेक भाषेत लिहिले की ते आपोआप ‘झेक राजा’ असे वाचले जातात, आणि एकोणिसाव्या शतकात, राष्ट्र म्हणजे भाषा हे समीकरण दृढ झाल्यावर, त्या वाचनाला राजकीय धार चढली. १३७८ साली त्याच्या अंत्यविधीच्या प्रसंगी वोयतेख रान्कूव्ह या पंडिताने केलेल्या भाषणात त्याला जी लॅटिन पदवी बहाल केली, तिचे भाषांतर आपल्याकडे सहजपणे ‘राष्ट्रपिता’ असे केले जाईल. वस्तुतः तिचा अर्थ ‘देशाचा पिता’ असा आहे. त्या देशात झेक होते, जर्मन होते, ज्यू होते.

१३४६ साली क्रेसीच्या रणांगणावर वडील मारले गेले आणि तिशीतला चार्ल्स बोहेमियाचा राजा झाला. जर्मन राजपदावर त्याची निवड त्यापूर्वी काही आठवडेच झाली होती, आणि १३५५ साली रोममध्ये त्याला पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट म्हणून अभिषेक झाला. परंतु झेक स्मृतीत रुतून बसलेले वर्ष आहे ते १३४८. त्या एका वर्षात प्रागचे नवे नगर, विद्यापीठ आणि कार्लस्टाइनचा किल्ला या तिन्हींचा पाया घातला गेला. जुन्या नगराभोवती त्याहून कितीतरी मोठे क्षेत्र तटबंदीत घेऊन तेथे घोड्यांचा, गुरांचा आणि गवताचा असे तीन प्रशस्त बाजार आखण्यात आले. घर बांधणाऱ्यास ठराविक मुदतीत ते पुरे करण्याची अट होती आणि मोबदल्यात बारा वर्षांची करमाफी. उद्योगांना मागास भागात ओढण्यासाठी आजची सरकारे ज्या युक्त्या योजतात, त्यांहून ही युक्ती फार निराळी नाही. घोड्यांचा तो बाजार म्हणजेच आजचा वेन्सेस्लास चौक. १९१८ पासून १९८९ पर्यंत झेक इतिहासातील अनेक मोठे जमाव जेथे जमले, जेथे जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतले, ती पाऊण किलोमीटर लांबीची मोकळी जागा चौदाव्या शतकातील एका राजाच्या आखणीमुळे उपलब्ध झालेली आहे.

मुकुटाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आपल्या राज्याभिषेकासाठी चार्ल्सने नवा सुवर्णमुकुट घडविला, पण तो स्वतःच्या मालकीचा ठेवला नाही. संत वाक्लावला अर्पण केला. त्या संताच्या मस्तकावर तो मुकुट राहावयाचा, आणि प्रत्येक राजाने राज्याभिषेकापुरता तो उसना घ्यावयाचा, अशी व्यवस्था पोपच्या संमतीने करण्यात आली. धर्मभावनेचा भाग सोडून दिला तरी तिच्यात एक महत्त्वाची कायदेशीर कल्पना दडलेली आहे. राज्य म्हणजे राजाची खाजगी मालमत्ता नव्हे, ते राजाहून निराळे आणि त्याच्यामागेही टिकणारे असते. मोराव्हिया, सायलेशिया, लुसेशिया हे प्रदेश चार्ल्सने ‘बोहेमियाच्या मुकुटा’शी जोडले ते याच भूमिकेतून, राजाशी नव्हे, मुकुटाशी. हॅब्सबर्ग सम्राटांच्या आमदानीत झेक पुढाऱ्यांनी स्वायत्ततेची मागणी केली ती या मुकुटाच्या ऐतिहासिक हक्काचे नाव घेऊनच. (नाण्याचे ‘कोरुना’ हे नाव मात्र या मुकुटावरून थेट आलेले नाही, ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या १८९२ च्या चलनसुधारणेतून आले.) तो मुकुट आजही प्रागच्या सेंट व्हायटस कॅथीड्रलमध्ये सात कुलपांच्या दाराआड आहे. सात किल्ल्या अध्यक्ष, पंतप्रधान, संसदेच्या दोन सभागृहांचे अध्यक्ष, आर्चबिशप, कॅथीड्रलचा मुख्य धर्माधिकारी आणि प्रागचा महापौर यांच्याकडे असतात. राजा नाहीसा झाला तरी मुकुटाची व्यवस्था चालू आहे.

तथापि चार्ल्सच्या वारशावरील खरे भांडण झाले ते विद्यापीठावरून. ७ एप्रिल १३४८ च्या सनदेत स्थापनेचे कारण स्पष्टपणे दिलेले आहे. ज्ञानाची भूक असलेल्या प्रजाजनांना परमुलखात याचना करीत हिंडावे लागू नये, त्यांचे पान स्वदेशीच वाढलेले असावे, असा तिचा आशय आहे. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस आणि फ्रान्सच्या पूर्वेस तोपर्यंत विद्यापीठ नव्हते. साहजिकच विद्यार्थी केवळ बोहेमियातून आले नाहीत. बोहेमियन, बव्हेरियन, सॅक्सन आणि पोलिश अशा चार गटांत ते विभागलेले असत, आणि कारभारात प्रत्येक गटाला एक मत असे. १४०९ साली चार्ल्सचा पुत्र राजा चौथा वाक्लाव याने कुटना होरा येथे काढलेल्या हुकुमाने हे प्रमाण फिरविले, बोहेमियन गटाला तीन मते आणि बाकीच्या तिघांना मिळून एक. जर्मन अध्यापक व विद्यार्थी मोठ्या संख्येने निघून गेले. त्यांतील काहींनी त्याच वर्षी लाइपझिगचे विद्यापीठ स्थापन केले. प्रागमध्ये यान हुस रेक्टर झाला. एका दृष्टीने हा झेकांचा विजय होता. दुसऱ्या दृष्टीने, चार्ल्सने सर्व युरोपसाठी मांडलेली पंगत त्याच्या मुलाने साठ-एकसष्ट वर्षांत घरच्यापुरती केली. मला दुसरी दृष्टी अधिक पटते, परंतु झेक शाळांतून पुष्कळ काळ पहिलीच शिकविली गेली, हे सांगावयास हवे.

१६२० साली व्हाइट माउंटनच्या लढाईत झेक सरदारांचा पाडाव झाला, विद्यापीठ जेझुइटांकडे गेले आणि कालांतराने अध्यापनाची भाषा जर्मन झाली. झेक पुनरुत्थानानंतर पुन्हा मागणी उठली आणि १८८२ साली एका विद्यापीठाची दोन झाली, एक झेक व एक जर्मन. पूर्वपरंपरा दोघांचीही, संस्थापक एकच. झेक विद्यापीठात मासारिक शिकवू लागले. जर्मन विद्यापीठात पुढे १९११-१२ मध्ये आइन्स्टाइन प्राध्यापक होते. प्रजासत्ताक झाल्यावर १९२० च्या कायद्याने चार्ल्सचे नाव आणि वारसा फक्त झेक विद्यापीठाला दिला. जुनी मानचिन्हे जर्मन विद्यापीठाने झेक विद्यापीठाकडे सोपवावीत असा सरकारी आदेश १९३४ साली निघाला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांत प्रागच्या रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या. पाच वर्षांनी नाझी सैन्य आले. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी झेक विद्यापीठे व महाविद्यालये बंद करण्यात आली, विद्यार्थी चळवळीतील नऊ जणांना ठार मारले गेले आणि बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांची साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत रवानगी झाली. ‘चार्ल्स’ हे नाव आता जर्मन विद्यापीठाने घेतले. १९४५ मध्ये युद्धाचा शेवट होताना मानचिन्हे आणि मूळ सनद प्रागबाहेर गेली व नाहीशी झाली. ती अद्याप सापडलेली नाहीत. जर्मन विद्यापीठ रद्द करण्यात आले, आणि पाठोपाठ झेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लक्ष जर्मनांना देशाबाहेर घालविण्यात आले. त्यांतील पुष्कळांची घराणी चार्ल्सच्याही आधीपासून त्या भूमीत राहत होती.

ज्या विद्यापीठाच्या नावाने एवढे घडले, त्याच्याच विद्यार्थ्यांनी १९३९ च्या त्या घटनेचा पन्नासावा स्मृतिदिन पाळण्यासाठी १७ नोव्हेंबर १९८९ रोजी काढलेल्या मोर्चातून साम्यवादी राजवटीच्या अंताला सुरुवात झाली. मोर्चा निघाला आल्बर्टोव्ह येथून. तोही चार्ल्सच्या नव्या नगराचाच भाग.

मात्र चार्ल्सचे स्थान सर्व काळ निर्वेध होते असे समजण्याचे कारण नाही. आधुनिक झेक इतिहासलेखनाचा पाया घालणाऱ्या पालात्स्कीच्या मते झेक इतिहासाचा गाभा होता हुसचे धर्मबंड. मासारिक यांनीही तोच धागा पुढे नेला. त्यांच्या अध्यक्षीय ध्वजावरील सत्यविजयाचे बोधवाक्य हुसच्या परंपरेतले आहे. योसेफ पेकार्श या इतिहासकाराने त्यांच्याशी वाद घातला, परंतु जनमानसात हुसचे पारडे जड राहिले. गंमत अशी की, साम्यवाद्यांनाही हुसपंथीयच जवळचे वाटले. त्यांच्यात त्यांना क्रांतिकारक शेतकरी दिसत होते; १९५४ ते १९५६ या काळात ओटाकार वाव्राने त्यांच्यावर तीन भव्य चित्रपट काढले. १९६८ नंतरच्या निराशेच्या काळात मात्र लोकांनी डोक्यावर घेतला तो १९७३ सालचा ‘कार्लस्टाइनवरील एक रात्र’ हा संगीतपट. त्यातील चार्ल्स प्रेमळ आणि बायकोपुढे हार खाणारा आहे.

लोककथांतला चार्ल्सही असाच आहे. १३४२ च्या महापुरात जुना पूल वाहून गेल्यावर १३५७ साली त्याने नव्या दगडी पुलाचा पाया घातला. त्या पुलाच्या चुन्यात अंडी मिसळली होती, असे प्रत्येक झेक मूल ऐकत आलेले असते. १३६० च्या सुमारास पेत्रशिन टेकडीवर बांधलेल्या तटाला ‘भुकेची भिंत’ म्हणतात, कारण दुष्काळात गरिबांना काम मिळावे म्हणून राजाने ती बांधविली अशी समजूत आहे. भिंत मुळात संरक्षणासाठी होती. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला केन्सचे तत्त्व सहा शतके आधी सापडल्याचा आनंद घेण्याचा मोह होतो खरा, पण तो आवरलेला बरा.

कारण चार्ल्सचा खरा हिशेब इतका गोड नाही. कुटना होरा येथील चांदीच्या खाणी हाताशी असूनही त्याच्या महत्त्वाकांक्षेला पैसा अपुरा पडे, आणि ती तूट तो साम्राज्यातील शहरे गहाण टाकून भरून काढी. ब्रांडेनबुर्गचा प्रदेश त्याने १३७३ मध्ये पाच लक्ष गिल्डर कबूल करून मिळविला, त्यातही काही भाग गहाणवटीचा होता. १३७६ मध्ये पुत्राला जर्मन राजपद मिळावे म्हणून निर्वाचक सरदारांची मने त्याने पैशाने वळविली. तो बोजा आपल्यावर पडणार हे ओळखून स्वेबियातील चौदा शहरांनी त्याच वर्षी त्याच्याविरुद्ध संघ उभारला. बोहेमियाचा पिता, पण साम्राज्याचा सावत्र बाप, असे त्याचे वर्णन पुढे सम्राट मॅक्सिमिलियनने केले असे म्हणतात. आणि एवढ्या पैशाने जोडलेल्या प्रदेशांचे काय झाले? ब्रांडेनबुर्ग १४१५ साली होहेनत्सॉलर्न घराण्याकडे गेले, लुसेशिया १६३५ साली सॅक्सनीकडे, सायलेशियाचा बहुतेक भाग १७४२ साली प्रशियाकडे. विकत घेतलेले गेले. वसविलेले नगर, विद्यापीठ आणि पूल राहिले. कॅथीड्रलचे काम तर १३४४ साली सुरू होऊन, मध्ये शतकानुशतके खोळंबून, मासारिक यांच्या प्रजासत्ताकात १९२९ साली पुरे झाले.

हिशेबातील सर्वांत काळी नोंद पैशाची नाही. प्लेगच्या काळात जर्मन शहरांत ज्यूंच्या कत्तली झाल्या, १३४९ साली त्या चालूच होत्या. ज्यू हे कायद्याने सम्राटसत्तेच्या संरक्षणाखाली होते, आणि त्यासाठी कर भरीत होते. न्यूरेंबर्गच्या नगरपालिकेने ज्यूंची वस्ती पाडून तेथे बाजारपेठ करण्याची परवानगी मागितली; चार्ल्सने ती नोव्हेंबरमध्ये दिली. ५ डिसेंबरला सुमारे ५६० ज्यू मारले गेले. त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या जागी चार्ल्सच्या इच्छेने मेरीचे चर्च उभे राहिले. न्यूरेंबर्ग बोहेमियात नव्हते हे खरे. पण ज्याला आपला म्हणावयाचे त्याच्या फक्त प्रागमधील कृती आपल्या आणि सीमेपलीकडच्या परक्या, असे करता येत नाही.

प्रागच्या पुलाच्या तोंडाशी चार्ल्सचा जो पुतळा आहे, तो विद्यापीठाच्या पाचशेव्या वर्धापनदिनासाठी १८४८ मध्ये योजिला होता. तो घडविला हेनेल या जर्मन शिल्पकाराने, आणि ओतला न्यूरेंबर्गमध्ये. त्या वेळी यात कोणाला वावगे वाटले नाही. त्यानंतरच्या शंभर वर्षांत जे घडले ते वर आलेच आहे. २०१६ साली चार्ल्सच्या जन्माला सातशे वर्षे झाली, तेव्हा झेक आणि बव्हेरियन संस्थांनी मिळून एक मोठे प्रदर्शन भरविले. आधी ते प्रागमध्ये होते, मग ते न्यूरेंबर्गला गेले. एके ठिकाणी फलकावर कारेल होता, दुसऱ्या ठिकाणी कार्ल. न्यूरेंबर्गच्या मुख्य चौकातील मेरीच्या चर्चवर एक जुने यांत्रिक घड्याळ आहे. रोज दुपारी बारा वाजता त्यातून सात निर्वाचक बाहेर येतात, आणि सिंहासनावर बसलेल्या चार्ल्सभोवती तीन फेऱ्या घालून आत जातात. खाली तोच बाजार भरतो, ज्याची परवानगी त्याने १३४९ साली दिली होती.